जास्वंदीला ‘पांढरं’ लागलंय आणि वन्सं येणार आहेत

प्रश्न : (डोंबिवलीच्या एका वाचक बाईंचं पत्र. मूळ पत्र चार पानी आहे, इथे थोडक्यात देते.)

सासूबाईंनी वीसेक वर्षांपूर्वी गुहागरच्या माहेराहून जास्वंदीची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. साधी, पाच पाकळ्यांची, लाल गावठी. बॉक्स ग्रिलमधल्या कुंडीत ती वाढली आणि रोज देवाला फूल देत राहिली. गेल्या ऑक्टोबरात सासूबाई गेल्या. तेव्हापासून झाडाचं मीच बघते. काही कमी पडायला नको म्हणून शेणखत, तांदळाचं धुवण, केळ्याच्या सालींचं पाणी, नर्सरीवाल्याने दिलेले पांढरे दाणे, सगळं घातलं. मार्चपासून शेंड्यांवर पांढरी बुरशी दिसायला लागली. आता पानं आवळून गोळा झाली आहेत, कळ्या गळतात, खालची पानं चिकट आणि काळी पडली आहेत, मुंग्यांची रांग लागलेली असते. बुरशीनाशक पावडर टाकली, हळद टाकली, हिंग घातलेलं ताक फवारलं, कडुनिंबाचं तेल पाण्यात घालून मारलं. मध्यंतरी त्यात काही मोठे, झुबकेदार, भराभर पळणारे पांढरे किडेही आले, ते मी चिमट्याने उचलून मारले. तरी उपयोग शून्य. आता नर्सरीवाल्याने एका छोट्या बाटलीत ‘जालीम औषध’ दिलंय, लेबल नाही, ‘बाटलीचं झाकणभर बादलीत’ एवढंच म्हणाला. ग्रिल मुलाच्या खोलीला लागून आहे, तो सहा वर्षांचा आहे. नवरा म्हणतो, टाकून दे, शंभर-दीडशे रुपयांत नवं झाड मिळेल. गणपतीला पुण्याहून वन्सं येतील आणि आल्या आल्या आईची जास्वंद बघायला ग्रिलशी जातील. ‘वहिनीच्या हाताला झाड धरत नाही’ असं त्या एकदा हसत म्हणाल्या होत्या. औषध मारू की झाड टाकू?

उत्तर :

तुमच्या चार पानांत सासूबाई अकरा वेळा आल्या आहेत, वन्सं सात वेळा, आणि झाड नेमकं कसं दिसतंय हे एकाच परिच्छेदात. पण तो परिच्छेद इतका नीट लिहिलाय की मला इथे बसून झाड दिसलं. म्हणून आधी झाडाचं बोलू. माणसांकडे मग येऊ.

ती बुरशी नाही. हा घोटाळा तुमच्या एकटीचा नाही, ‘झाडाला पांढरं लागलंय’ असं सांगणाऱ्या बहुतेकांचा होतो. तो पिठ्या ढेकूण आहे, ज्याला नर्सरीत आणि शेतावर सगळे मिलीबग म्हणतात. कापसासारखं जे दिसतं ते त्याच्या अंगावरचं मेण आणि अंड्यांच्या पिशव्या. आत मऊ, गुलाबीसर किडा असतो, तो पानात सोंड खुपसून रस पीत बसतो. जास्वंद हे त्याचं फार आवडतं झाड. शेंडे आवळून पानांचा गोळा होणं ही तर जास्वंदीवरच्या गुलाबी मिलीबगची ओळखीची खूण. हीच कीड १९९४ साली कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचली आणि तिथल्या जास्वंदीच्या कुंपणांची तिने वाट लावली. तेव्हा एका ग्रिलमधल्या एका कुंडीने तुम्हाला हरवलं म्हणून इतकं खचायचं कारण नाही.

पावडर का लागू पडली नाही, हे आता कळलं असेल. ती बुरशीसाठी होती. हळद मेणावर नुसती बसून राहते. ताकाबद्दल मी काही बोलत नाही, निदान मुंग्यांची चैन झाली असेल. कडुनिंबाचं तेल मात्र खरं औषध आहे, पण तुम्ही ते नुसतं पाण्यात घातलंत. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. मग पहिली फवारणी नुसत्या पाण्याची होते आणि शेवटी उरलेलं तेल एकाच फांदीवर पडून तिची पानं भाजतात. शिवाय या तेलाने किडा टपकन मरत नाही. त्याचं खाणं मंदावतं, वाढ अडते, पिल्लं मोठी होत नाहीत. संध्याकाळी मारून सकाळी बघायला गेलात तर सगळे जागच्या जागी दिसणार.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत. ‘सासूबाई असताना कधी कीड नव्हती, माझ्याकडून काहीतरी कमी पडलं.’ मला वाटतं, कमी काहीच पडलं नाही, जास्त झालं. नर्सरीवाल्याचे पांढरे दाणे म्हणजे बहुधा युरिया. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड लुसलुशीत, कोवळी फूट काढतं, आणि रस पिणाऱ्या किडीला याहून चांगलं पान वाढता येणार नाही. वर रोजचं धुवण, सालींचं पाणी, म्हणजे कुंडी कायम ओली. त्यात मार्च ते मे कोरडी, गरम हवा, जी मिलीबगला मानवते. सासूबाईंनी कदाचित वर्षातून दोनदा मूठभर शेणखत घातलं असेल आणि बाकी पाणी. निदान दोन महिने कुंडीत पाण्याशिवाय काहीही घालू नका. आणि पाणीसुद्धा वरची पेरभर माती सुकल्यावरच.

दुसरी गोष्ट मुंग्या. त्या किडीमागून सहज आलेल्या पाहुण्या नाहीत, किडीच्या राखणदार आहेत. मिलीबग रस पितो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. तेच तुमच्या पानांवरचं चिकट, त्याच्यावर वाढते ती काळी काजळी. (काजळी पानाच्या आत शिरलेली नसते, ओल्या फडक्याने पुसली जाते, तिच्यासाठी वेगळं औषध नको.) ही साखर मिळावी म्हणून मुंग्या मिलीबगला सांभाळतात, त्याला खायला येणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणून फवारणीच्या आधी मुंग्यांची वाट तोडायची. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवा. तुकडा पाण्याबाहेर राहील एवढा उंच हवा, म्हणजे मुळं भिजत राहणार नाहीत. डासांसाठी ताटलीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. खोडाला खाली कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीनचा जाड थर लावा, थेट सालीवर नको. आणि हे विसरू नका : एक जरी फांदी ग्रिलच्या सळीला टेकत असली तरी मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. ती फांदी छाटा किंवा दोरीने आत ओढून बांधा.

आता ते मोठे, झुबकेदार, पळणारे किडे. हे वाचताना मी कपाळाला हात लावला, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. आमच्या गच्चीतल्या सीताफळावर एका उन्हाळ्यात मी इअरबडने असे तीसेक ‘राक्षस’ मारले आणि शेतकी कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीला अभिमानाने फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘अगं, उंदीर तसेच आहेत, तू मांजरं मारलीस.’ तो क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा. मोठा झाला की साधा काळपट भुंगा दिसतो, डोकं नारिंगी. पण त्याची अळी अंगावर मेणाचे झुबके घेऊन हिंडते आणि हुबेहूब मोठ्या मिलीबगसारखी दिसते. ती मिलीबग खाते, अंड्यांसकट. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा किडा कॉफीवरच्या किडीसाठी १८९८ साली भारतात आणला गेला, आणि आज द्राक्षाच्या बागांसाठी तो मुद्दाम वाढवून विकला जातो. तुमच्या ग्रिलमध्ये तो आपणहून आला होता. ओळख सोपी आहे. मिलीबग तीन-चार मिलिमीटरचा, बसलेला किंवा हळूहळू सरकणारा. त्याच्या तिप्पट लांब आणि तुरुतुरु पळणारा दिसला तर हात आवरा. तो असेल त्या फांदीवर काहीही मारू नका.

त्या बिनलेबलच्या बाटलीबद्दल मी मऊ भाषेत सांगणार नाही. ती वापरू नका. कीटकनाशकाच्या डब्यावर नाव, प्रमाण, उतारा आणि विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असावाच लागतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली असं सुट्ट्या बाटलीत भरून विकणं बसत नाही. बाटलीत काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि उद्या मुलाला काही झालं तर डॉक्टरांना काय सांगणार? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेही उघड्या शेतात. तुमचं ग्रिल तीन बाजूंनी बंद आहे, आत मूल झोपतं, खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात. बरं, बाटलीतलं औषध आंतरप्रवाही असेल, म्हणजे झाडाच्या रसात मिसळणारं, तर ते फुलात आणि मधातही उतरणार. ते फूल देवाला जातं, तिथून मुलाच्या हातात. तुम्ही पत्रात तेल उकळायला फुलं वापरता असंही लिहिलंय. जास्वंदीवर शिंजीर येत असेल तर त्याच्याही चोचीत. बाटली बेसिनमध्ये ओतू नका, झाकण घट्ट लावून नर्सरीवाल्याला परत द्या. तो कुरकुरेल, कुरकुरू दे.

मग करायचं काय? तुमचा प्रश्न ‘औषध की कचरा’ असा आहे, पण मधली वाट चांगली रुंद आहे. फक्त ती एका दिवसाची नाही. मिलीबगची मादी काही शे अंडी घालते, ती आठवडाभरात फुटतात, आणि साधारण महिन्यात पुढची पिढी अंड्यावर येते. अंड्यांच्या पिशवीत आणि मोठ्यांच्या मेणाखाली कुठलंच औषध नीट पोचत नाही. औषध लागू पडतं ते अंड्यातून निघालेल्या, अंगावर अजून मेण न चढलेल्या पिल्लांना. म्हणून एक जोरदार फवारणी करून थांबण्यापेक्षा दर सात दिवसांनी एक, अशा पाच-सहा हलक्या फवारण्या जास्त काम करतात. रविवार ठरवा, वीस मिनिटं पुरतात.

पहिल्या रविवारी कात्री. ज्या शेंड्यांचे गोळे झालेत ते सोडवत बसू नका, गोळ्याच्या खाली वीतभर मोकळी फांदी येईल तिथे कापा. कापण्याआधी फांदीवर प्लॅस्टिकची पिशवी घाला, म्हणजे पिल्लं खाली सांडणार नाहीत. पिशवीचं तोंड बांधून कचऱ्यात. घरच्या खताच्या टोपलीत मुळीच नको. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नको.

मग पाणी. लोक याला औषध मानत नाहीत, पण माझा सगळ्यात जास्त विश्वास यावर आहे. कुंडी बाथरूममध्ये न्या, मातीवर पिशवी बांधा, आणि जेट किंवा हँड शॉवरने पानांच्या मागून, देठांच्या बेचक्यांतून जोरात धुवा. निम्मे इथेच जातात. पाऊस सुरू आहे, मग आपोआप का धुतले जात नाहीत, असं वाटत असेल तर ग्रिलवर बघा. वर पत्रा असणार. आपण जास्वंदीला पावसापासून वाचवतो आणि सोबत किडीलाही. सोसायटी हरकत घेत नसेल तर कुंडी आठ-दहा दिवस गच्चीत ठेवा, दुसऱ्यांच्या कुंड्यांपासून लांब.

जे चिकटून उरतात त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट. इअरबड बुडवून एकेका किड्याला टेकवायचं. मेण विरघळतं, किडा लगेच तपकिरी पडतो, आणि खोटं कशाला बोलू, बघायला बरं वाटतं. स्पिरिट पेट घेतं. जवळ निरांजन, उदबत्ती, गॅस काहीही नको आणि हे काम मूल जवळपास नसताना करा.

शेवटी फवारणी. एक लिटर कोमट पाण्यात आधी भांडी घासायच्या लिक्विडचे २ मिली, म्हणजे अर्ध्या चमच्याहून कमी, मग कडुनिंबाचं तेल ५ मिली, थोडं थोडं घालत. पाणी दुधासारखं पांढरट झालं पाहिजे. तेलाचे डोळे तरंगताना दिसले तर मिसळलेलं नाही. लगेच वापरा, उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. पहिल्यांदा दोनच पानांवर मारून दोन दिवस थांबा, पानं भाजली नाहीत तर सगळीकडे. ऊन उतरल्यावर आणि पानाच्या मागच्या बाजूला. कळ्या आणि उमललेली फुलं वगळा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट चालते. कृषी सेवा केंद्रात ‘व्हर्टिसिलियम’ मागा. ही बुरशीच आहे, पण किडीला मारणारी, आणि दमट हवेत ती जोमाने काम करते. द्राक्षवाल्यांना ही चांगली माहीत आहे. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, संध्याकाळी, निंबतेल मारल्यावर तीन-चार दिवसांनी फवारा. आणि मेहरबानी करून ती बुरशीनाशक पावडर पुन्हा टाकू नका, हिचाच जीव जाईल.

हे सगळं करूनही महिन्याभराने झाड तसंच मलूल राहिलं तर कुंडी आडवी करून तळाच्या भोकात बघा. मुळांवर पांढरा कापूस दिसला तर कीड मातीत आहे. मग मुळं धुवायची, माती बदलायची, कुंडी उकळत्या पाण्याने धुवायची. एवढं करूनही परत आली, तर टाका. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. एका आजारी कुंडीपायी शेजारची तुळस आणि गुलाब गमावण्यात अर्थ नसतो. पण दीडशे रुपयांत मिळेल ते दुसरं झाड, ही फांदी नाही. आणि हीच फांदी वाचवायला अख्खी कुंडी वाचावी लागतेच असं नाही.

सासूबाईंनी तरी काय आणलं होतं? झाड नाही, फांदी. पावसाळा कलमांचाच दिवस आहे. झाडावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तपकिरी व्हायला लागलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या चार-पाच फांद्या आताच निवडा. वीतभर कापा, डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली तिरका काप, वरची दोन पानं ठेवून बाकी काढा. साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवून बोटांनी चोळून धुवा, बेचक्या नीट बघा, मग साध्या पाण्यातून काढा. वाळू आणि माती निम्मी-निम्मी, सावली, घराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पाचही लागतील असं नाही, म्हणून पाच लावा. महिना-दीड महिन्यात नवी फूट येते. ती आली की मुळं धरली.

आता वन्सं. तुम्हाला धास्ती आहे ती गणपतीत त्या ग्रिलशी जाऊन उभ्या राहतील त्या क्षणाची. मला वाटतं, तो क्षण आजच उरकून टाका. फोन करा, किंवा आवळलेल्या शेंड्यांचा फोटो पाठवा आणि सरळ लिहा की आईंच्या जास्वंदीला मिलीबग लागलाय, अशी अशी मेहनत करतेय, आणि गणपतीला तुमच्यासाठी एक कलम लावून ठेवते. अडीच महिने आधी कळलं तर ती बातमी असते, ग्रिलशी कळलं तर तो पुरावा होतो. त्यांचं ते जुनं वाक्य तुम्ही इतकं जपून ठेवलंय, त्यांना ते आठवतही नसेल. किंवा आठवत असेलही, मी काही त्यांना ओळखत नाही. पण त्यांचीही आई गेली आहे, आणि आईच्या माहेरची फांदी त्यांच्या पुण्याच्या घरी नाही. याचं त्यांना काही वाटत असेल का, हे तुमच्या चार पानांत कुठे आलेलं नाही.

फुलांबद्दल मात्र वचन देत नाही. जास्वंद नव्या फुटीवर फुलते. आज छाटलीत तर चतुर्थीपर्यंत कळ्या धरतील किंवा पंधरा दिवस उशीर होईल. त्या दिवशी झाडावर फूल नसलं तर डोंबिवली स्टेशनाबाहेर लाल जास्वंद मिळते. देवाला गुहागरची आणि बाजारची असा फरक कळत असता तर तुम्ही युरिया घातलात तेव्हाच त्याने काहीतरी खूण केली असती.

शेवटचं एक राहिलं. गणपतीत येणारी फुलांची परडी, हार, शेजाऱ्यांनी दिलेल्या दुर्वा-पत्री, यातलं काही वाहून झाल्यावर कुंडीत टाकायची सवय असेल तर यंदा नको. मिलीबग अशा फुलापानांतूनही घरात येऊ शकतो. नवीन आणलेलं रोपसुद्धा पंधरा दिवस वेगळं ठेवा. आणि रविवारी इअरबड घेऊन बसाल तेव्हा आधी मिनिटभर नुसतं बघा. पळणारा दिसला तर त्या फांदीला पुढच्या रविवारपर्यंत सुट्टी द्या.